वांटणी कोणाची आणि घर कोणाचें?

चांद्याहून पूर्वेस निघून, वैनगंगा ओलांडून जो प्रवासी एटापल्ली-भामरागडच्या वाटेला लागेल त्याला दोन्ही बाजूंस साग, बांबू व मोह यांचें जंगल लागतें. तें कोणाच्या मालकीचें, असा प्रश्न त्यानें केला तर त्यास दोन उत्तरें मिळतील. कचेरींतील नकाशा सांगेल कीं तें सरकारचें आहे. आणि ज्याच्या पूर्वजांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा त्याच जंगलाच्या कडेला दिसतात तो माडिया सांगेल कीं तें आमचें आहे. या दोन उत्तरांमधील अंतर कसें पडलें हें नुसत्या चांद्यास बसून नीटसें उमगत नाहीं. त्याकरितां आफ्रिकेचा नकाशा पुढें घ्यावा लागतो. म्हणून आज आम्ही आमच्या वाचकांस थोडा वेळ त्या दूरच्या खंडांत घेऊन जाणार आहों, व तेथून परत याच जंगलांत आणून सोडणार आहों.

आफ्रिकेशीं चांद्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा, कीं दोन्ही ठिकाणीं येऊन बसलेली सत्ता एकच, दोन्ही ठिकाणचे रहिवासी अरण्यावर जगणारे, आणि त्यांची भूमि काढून घेण्यास वापरलेल्या युक्त्याही एकाच शाळेंत शिकलेल्या. तरवारीनें घेतलेलें राज्य सर्वांस दिसतें. कागदानें घेतलेलें राज्य दिसत नाहीं, व म्हणूनच तें अधिक काळ टिकतें. आम्ही ज्या विद्येचा व्यवसाय केला ती कायद्याची विद्या या कामीं कशी राबविली गेली हें सांगणें आम्हांस सुखाचें नाहीं. परंतु ज्याला कुलुपाची रचना ठाऊक आहे त्यानेंच तें कसें फोडलें गेलें हें सांगावें, हें बरें.

१८८४ च्या १५ नोव्हेंबरास बर्लिन येथें बिस्मार्कच्या पुढाकारानें चौदा राष्ट्रांचे वकील जमले, आणि १८८५ च्या २६ फेब्रुवारीस त्यांनीं एका करारावर सह्या केल्या. त्या मेजाभोंवतीं एकही आफ्रिकन मनुष्य नव्हता. त्याच मेजावर आफ्रिकेचे तुकडे पाडले गेले अशी सामान्य समजूत आहे. ती तंतोतंत बरोबर नाहीं, आणि वकिली पेशांतल्या माणसानें तरी ती दुरुस्त केली पाहिजे. बर्लिनमध्यें वांटणी झाली नाहीं; वांटणीचे नियम ठरले. कांगो व नायजर या नद्यांवर सर्व राष्ट्रांच्या जहाजांस मोकळीक असावी, हा एक नियम. किनाऱ्यावरील नवा प्रदेश ज्यास आपला म्हणावयाचा असेल त्यानें इतरांस तसें कळवावें व तेथें प्रत्यक्ष अंमल बसवावा, हा दुसरा. दुसऱ्याच्या घरांत शिरतांना शिरणाऱ्यांची आपसांत टक्कर होऊं नये म्हणून त्यांनीं आपल्यापुरता घालून घेतलेला हा शिष्टाचार होय. घरधन्याची संमति घ्यावी कीं नाहीं, हा विषय त्यांच्या कामकाजपत्रिकेवर नव्हता.

नद्यांच्या मोकळिकीचें हें कलम वाचून सिरोंच्याच्या वाचकास कांहीं आठवलें पाहिजे. बर्लिनच्या परिषदेपूर्वीं चोवीस वर्षें, १८६० च्या डिसेंबरांत, इंग्रज सरकारनें निजामाशीं एक तह केला. त्या तहानें गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांकडे आले. बदल्यांत निजामास रायचूरचा दुआब व धाराशिव हा प्रदेश परत मिळाला, व त्याच्याकडील पन्नास लक्ष रुपयांचें कर्ज सोडून देण्यांत आलें. नदीवरील वाहतुकीवर जकात नसावी हेंही त्यांत आलें. सिरोंचा हें अपर गोदावरी या नव्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. एवढी उठाठेव कशासाठीं? वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांच्या मार्गानें पूर्व समुद्रास नेऊन मँचेस्टरच्या गिरण्यांस पुरवावा, हा हेतु. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू होऊन तिकडचा कापूस अडला, तेव्हां ही घाई आणखीच वाढली. खडक फोडले, बांध घातले, कालवे काढले. परंतु नदीनें साहेबाचें ऐकलें नाहीं. १८७१ सालीं काम बंद पडलें आणि १८७४ सालीं तो जिल्हाच मोडून सिरोंचा चांद्यास जोडला गेला. कापसाच्या नावा आल्या नाहींत. पण ज्या नावांच्या नांवानें मुलूख घेतला होता त्या आल्या नाहींत म्हणून मुलूख कांहीं परत गेला नाहीं. कांगोच्या तीरावरील माणसास हा प्रकार सांगितला असता तर त्यास त्यांत नवीन कांहींच वाटलें नसतें.

हा तह होण्यापूर्वीं सहा वर्षें चांद्याचा बाकीचा मुलूख इंग्रजांच्या हातीं गेला होता. १८५३ च्या ११ डिसेंबरास नागपूरचे तिसरे रघूजी भोसले पुत्रावांचून वारले, आणि १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. हिंदु धर्मशास्त्र दत्तकास पुत्र मानतें. डलहौसीच्या शास्त्रांत दत्तकास जागा नव्हती. त्यांतही विशेष हें, कीं भोसल्यांच्या आधीं या चांद्यावर शतकानुशतकें गोंड राजांचें राज्य होतें, आणि वैनगंगेपलीकडील जमीनदार व रयत यांचा नागपूरशीं संबंध बेताचाच असे. नागपूरच्या वाड्यांत पाळणा हालला नाहीं म्हणून अरण्यांतील माडियाचा धनी बदलावा, हा न्याय त्यास कसा समजावा? १८५८ सालीं मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके व अडपल्लीचे जमीनदार व्यंकटराव यांनीं शस्त्र उचललें. त्या वर्षीं २९ एप्रिल रोजीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. पुढें अहेरीच्या जमीनदारिणीच्या हस्तें बाबूराव पकडले गेले, ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परक्याची सत्ता आपल्याच माणसाच्या हातानें घट्ट होते, याचा तो दाखला आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांस फांशीं देण्यांत आलें. त्यानंतर चाळिसाव्या वर्षीं, २७ एप्रिल १८९८ रोजीं, आज ज्यास हरारे म्हणतात त्या सॅलिस्बरी गांवीं नेहांडा नांवाच्या स्त्रीस इंग्रजांनीं फांशीं दिलें. तिच्या अंगांत पूर्वजांचा संचार होतो असें शोना लोक मानीत, व तिच्या शब्दावर ते कंपनी सरकारविरुद्ध उठले होते. चांदा आणि सॅलिस्बरी यांमध्यें महासागर आहे. फांसाची दोरी मात्र एकाच कारखान्याची.

आतां युक्त्यांकडे वळूं. पहिली युक्ति संमतीची. ३० ऑक्टोबर १८८८ रोजीं मातबेले लोकांचा राजा लोबेंगुला यानें सेसिल ऱ्होड्सचा भागीदार चार्ल्स रड यास आपल्या मुलखांतील खनिजांचा हक्क लिहून दिला. मोबदला काय ठरला? दरमहा शंभर पौंड, एक हजार बंदुका, एक लाख काडतुसें आणि झांबेझी नदीवर एक आगबोट. राजास लिहितां वाचतां येत नव्हतें, लेख इंग्रजींत, त्याचा अर्थ सांगितला एका मिशनऱ्यानें. दहांहून अधिक गोरे कामावर आणणार नाहीं असें तोंडीं वचन दिलें गेलें होतें, हें त्याच मिशनऱ्यानें पुढें नमूद केलें. परंतु लेखांत त्या वचनाचा मागमूस नाहीं. आपण फसलों हें ध्यानांत येतांच राजानें विक्टोरिया राणीकडे तक्रार नेली. तिचा परिणाम एवढाच झाला, कीं लेखास एक वर्ष पुरें होण्याच्या आदल्या दिवशीं, २९ ऑक्टोबर १८८९ रोजीं, ऱ्होड्सच्या कंपनीस राजसनद मिळाली. १८९० सालीं कंपनीचें सशस्त्र पथक माशोनालंडांत उतरलें, आणि १८९३ सालीं मॅक्झिम तोफांपुढें लोबेंगुलाचें राज्य संपलें. कोणत्याही मुन्सफाच्या कोर्टांत ज्या दस्तऐवजावर पहिल्याच तारखेस हरकत निघाली असती त्या दस्तऐवजावर एक देश उभा राहिला व त्यास ऱ्होड्सचें नांव मिळालें.

दुसरी युक्ति ‘पडीक’ या शब्दाची, व ती पहिलीपेक्षां पुष्कळ अधिक धारदार आहे. कारण तींत कोणाची खोटी संमति घेण्याचीही गरज पडत नाहीं. बेल्जमचा राजा लिओपोल्ड यानें १ जुलै १८८५ रोजीं फर्मान काढलें कीं कांगोंतील जी जमीन रिकामी असेल ती सरकारची. रिकामी म्हणजे काय? ज्या जमिनीवर झोंपडी नाहीं वा उभें पीक नाहीं ती. मग ज्या रानांत तो मनुष्य शिकार करी, मध काढी, लांकूड तोडी, व आज मोकळें टाकलेलें शेत पांच-सात वर्षांनीं पुन्हा कसण्यासाठीं राखून ठेवी, तें सारें एका रात्रींत रिकामें ठरलें. त्या ‘रिकाम्या’ रानांतील रबर गोळा करण्यास सक्ति झाली, आणि त्या सक्तीपायीं काय काय अत्याचार झाले हें रॉजर केसमेंटच्या १९०४ सालच्या अहवालानें जगापुढें आणिलें. इंग्रजांची रीत याहून सौम्य होती, पण तत्त्व निराळें नव्हतें. १९०० सालीं बुगांडाच्या राज्याशीं केलेल्या करारांत अरण्य व पडीक मिळून सुमारें साडेदहा हजार चौरस मैल भूमि इंग्लंडच्या मुकुटाकडे गेली. केनियांत १९०२ व १९१५ सालचे जमिनीचे कायदे झाले, व त्यांचा अर्थ करतांना तेथील न्यायालयानें तेथल्या मूळ रहिवाशांस सरकारच्या मर्जीवर राहणारीं कुळें ठरविलें.

वाचक हो, हें शास्त्र केनियांत जन्मलें नाहीं. तें येथें आधीं तयार झालें होतें. हिंदुस्थानांत जंगलांचा पहिला कायदा १८६५ सालचा, दुसरा १८७८ चा, तिसरा १९२७ चा. या कायद्यांची खुबी पाहावी. सरकार जाहीर करतें कीं अमुक जंगल राखीव करावयाचें आहे. मग जाहीरनामा लागतो, व निदान तीन महिन्यांची मुदत देऊन ज्याचा कांहीं हक्क असेल त्यानें तो अधिकाऱ्यापुढें मांडावा असें सांगितलें जातें. जो मांडणार नाहीं त्याचा हक्क नष्ट. कायद्याच्या पुस्तकांत हें किती न्याय्य दिसतें! परंतु ज्याला अक्षर ठाऊक नाहीं, ज्याची बोली अधिकाऱ्यास कळत नाहीं, ज्यानें आजवर कोणत्याही कचेरीचा उंबरा पाहिला नाहीं, आणि ज्याच्या हक्काचा पुरावा म्हणजे गांवच्या म्हाताऱ्याची स्मृति, त्यानें तीन महिन्यांत काय मांडावें? तो गप्प राहिला. आणि कायद्यानें त्याच्या गप्प राहण्यास त्यागपत्र मानलें. रान जाळून करावयाची जी फिरती शेती मध्यप्रांतांत बेवर म्हणून ओळखली जाई ती उधळपट्टी ठरली, व सागाचे सोट रेल्वेच्या व इमारतींच्या कामीं गेले तो व्यवस्थित उपयोग ठरला. येथें तयार झालेले अंमलदार पुढें आफ्रिकेंत गेले. म्हैसूरच्या जंगलखात्यांत काम केलेले हचिन्स केपमध्यें गेले व पुढें पूर्व आफ्रिकेंत जंगलखात्याचे प्रमुख झाले. ब्रह्मदेशच्या जंगलखात्यांतले टॉमसन १९०३ सालीं दक्षिण नायजेरियांत गेले. चांद्यास जो धडा गिरविला तो तिकडे पाठ म्हणून दाखविला गेला.

वरिष्ठ न्यायासनाची गोष्ट सांगितल्यावांचून हें प्रकरण पुरें होत नाहीं. ऱ्होडेशियांतील न विकलेली जमीन कोणाची, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला, व १९१८ सालीं त्याचा निवाडा झाला. हें तेंच न्यायासन, कीं ज्याच्यापुढें हिंदुस्थानांतील अपिलें १९४९ पर्यंत जात होतीं. कौन्सिलनें म्हटलें कीं ही जमीन कंपनीची नाहीं, गोऱ्या वसाहतवाल्यांची नाहीं, आणि मूळ रहिवाशांचीही नाहीं, ती मुकुटाची. मूळ रहिवाशांची कां नाहीं? तर कांहीं जमाती समाजरचनेच्या इतक्या खालच्या पायरीवर असतात कीं त्यांच्या वहिवाटीस आपल्या कायद्यांतील हक्काचें रूप देतां येत नाहीं, अशी न्यायमूर्तींची विचारसरणी. म्हणजे ज्याच्या मालकीचा प्रकार आपल्या पुस्तकांत सांपडत नाहीं त्याला मालकीच नाहीं! आणि गंमत अशी, कीं तीनच वर्षांनीं, १९२१ सालीं, लेगॉसच्या एका सरदाराच्या खटल्यांत याच कौन्सिलनें सांगितलें कीं आफ्रिकेंत जमीन एकट्यादुकट्याची नसून समूहाची असते; ती इंग्रजी मालकीच्या सांच्यांत बसत नाहीं म्हणून ती नाहींच असें समजूं नये, व सरकारनें ती घेतली तर भरपाई द्यावी. यावरून आम्ही एवढाच बोध घेतों कीं कायदा आंधळा नसतो. त्याच्यापुढें कोण उभा राहतो व काय मांडतो यावर त्याची नजर वळते.

आतां युरोपांतील राष्ट्रांच्या चुरशीविषयीं. इंग्रज, फ्रेंच व जर्मन एकमेकांशीं झुंजतील व त्या झुंजींत परतंत्र देशांची सुटका होईल, असा भरंवसा परतंत्र देशांतील पुष्कळ देशभक्तांनीं वेळोवेळीं धरिला. शत्रूचा शत्रु तो मित्र, हें राजनीतीचें सूत्र खोटें नव्हे. परंतु आफ्रिकेंत त्याचा अनुभव काय आला? १ जुलै १८९० रोजीं इंग्लंडनें उत्तर समुद्रांतील हेलिगोलंड हें बेट जर्मनीस दिलें, आणि जर्मनीनें विटूवरील आपला दावा सोडून झांजिबारवरील इंग्रजी संरक्षण मान्य केलें. बेट इकडे, मुलूख तिकडे. जणूं दोन सावकारांनीं परस्परांची गहाणखतें बदलून घेतलीं. १८९८ च्या जुलैंत फ्रेंच कप्तान मार्शां मूठभर लोकांनिशीं कांगोच्या बाजूनें मजल दरमजल करीत नाईलच्या कांठीं फशोदा येथें पोंचला. सप्टेंबरांत ओमदुर्मानची लढाई जिंकून किचनेर तेथें आला. दोन निशाणें समोरासमोर उभीं राहिलीं, व लंडन-पॅरिसची वर्तमानपत्रें युद्धाच्या गोष्टी बोलूं लागलीं. शेवटीं फ्रेंच माघारे गेले, १८९९ च्या मार्चांत नाईलचें खोरें सोडल्याचा करार झाला, आणि १९०४ च्या ८ एप्रिलला ईजिप्त तुमचा व मोरोक्को आमचा अशी समजूत होऊन तेच दोघे मित्र झाले. फशोदाच्या शिल्लुक लोकांस, ईजिप्तच्या फेलाहांस किंवा मोरोक्कोच्या रयतेस कोणी कांहीं विचारलें नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंत एक म्हण आहे: हत्ती झुंजले कीं गवत तुडवलें जातें. आमची पुरवणी एवढीच, कीं हत्तींचा समेट झाला तरी गवत तुडवलेंच जातें. आणि धनी बदलल्यानें सुख होतें असें मानणाऱ्यांनीं जर्मन अमलाखालील पूर्व आफ्रिका पाहावी. तेथें कापूस लावण्याच्या सक्तीस कंटाळून १९०५ सालीं जमाती उठल्या. दोन वर्षें चाललेल्या त्या माजी-माजी उठावांत सरकारी फौजांनीं पिकें व कोठारें जाळलीं, आणि गोळीनें मेले त्याहून कितीतरी अधिक लोक दुष्काळानें मेले.

येथपर्यंत आम्ही परक्यांचे दोष सांगितले. आतां आपले सांगावयाचे, व ते सांगणें अधिक जरूर आहे. आफ्रिकेंतील हें राज्य ज्या हातांनीं उभारलें त्यांत आपलेही हात होते. १८६७-६८ सालीं नेपियरची फौज मुंबईहून हबसाणांत गेली, १३ एप्रिल १८६८ रोजीं मग्दाला पडलें. आणि त्या स्वारींतील हिंदी शिपायांचा नेहमींचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरींतून गेला. १८९६ सालीं सुआकिनला फौज धाडतांना हाच प्रकार झाला, व खुद्द हिंदुस्थान सरकारासही त्यास हरकत घ्यावीशी वाटली. चांद्याचा शेतसारा व सागाचें उत्पन्न ज्या तिजोरींत जमा होई तिच्यांतूनच आफ्रिकेच्या गळ्यांतील दोर विकत घेतला गेला, हें कटु सत्य आहे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळांत बांधली गेली, तिच्यावर सुमारें बत्तीस हजार हिंदी मजूर राबले व अडीच हजारांच्या आसपास मेले. १९१४ च्या नोव्हेंबरांत टांग्याच्या किनाऱ्यावर हिंदी पलटणी जर्मनांच्या गोळ्यांस बळी पडल्या. १९४१ सालीं एरिट्रियांत केरनच्या डोंगरावर मराठा पलटणींनीं इटालियनांविरुद्ध पराक्रम गाजविला. त्या शूरांस आम्ही दोष देत नाहीं. फाशिस्टांचा पाडाव व्हावा हें योग्यच होतें. पण पहिल्या महायुद्धाच्या शेवटीं आपल्यांतील कांहीं पुढाऱ्यांनीं, जर्मनांकडून घेतलेली पूर्व आफ्रिका हिंदी लोकांच्या वसाहतीसाठीं राखून ठेवावी असें मागणें केलें, त्याचें समर्थन कशानें करावें? स्वतः बेडींत असतांना दुसऱ्यास बेडी घालण्यांत वांटा मागणें हा राष्ट्राभिमान नव्हे. मालकाच्या पंक्तीस बसण्याची ती चाकराची हांव होती.

याच्या उलट, आपण ज्यांस मागासलेले समजलों त्यांनीं काय केलें तें पाहावें. १८९७ सालीं गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, इंग्रज सरकारनें तेथील जमिनीवर सरकारचा ताबा आणणारें बिल मांडलें. केप कोस्ट येथील वकील, व्यापारी व गांवोगांवचे सरदार यांनीं त्याच वर्षीं हक्करक्षणार्थ सभा स्थापिली. जॉन मेन्सा सार्बा या आफ्रिकन बॅरिस्टरानें मुद्दा असा मांडला कीं आमच्या देशांत धन्यावांचून जमीन नाहीं; जी तुम्हांस पडीक दिसते ती कोणा ना कोणा कुळाची किंवा गादीची आहेच. सभेचें शिष्टमंडळ १८९८ सालीं लंडनला गेलें, वसाहतमंत्री चेंबरलेन यास भेटलें, आणि बिल बारगळलें. पुढें १९११ सालीं जंगलाचें बिल आलें, तेव्हांही तीच सभा उभी राहिली. ज्या पडीक-शास्त्रानें कांगो व केनिया गिळले तें गोल्ड कोस्टांत अडखळलें, कारण तेथें सुशिक्षित मनुष्य व गांवचा सरदार हे एकाच बाजूस उभे होते. आमच्याकडे १८७८ सालीं नागपुरांत वा चांद्यांत अशी सभा कां निघाली नाहीं? कारण आम्ही सुशिक्षितांनीं माडियास आपला म्हटलेंच नव्हतें. पुढें १० जुलै १९३० रोजीं लोकनायक अणे यांनीं पुसद येथें जंगल सत्याग्रह केला, व मध्यप्रांत-वऱ्हाडांत ठिकठिकाणीं गोंड-कोरकू त्यांत सामील झाले. तेव्हां कोठें दोघांची गांठ पडली.

स्वराज्य आलें. आफ्रिकेंतील देशही एकामागून एक सुटले; १९६४ सालीं कैरो येथें त्यांनीं ठराव केला कीं परक्यांनीं आंखलेल्या सरहद्दी जशा आहेत तशाच मानाव्या, नाहींतर रक्तपाताला अंत राहणार नाहीं. तो निर्णय शहाणपणाचा होता असें आम्हांस वाटतें. परंतु परक्याची रेघ किती खोल उतरते हेंही त्यावरून कळतें. आपल्याकडील रेघही तशीच राहिली. चांदा मध्यप्रदेशांतून १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. पण १९२७ चा जंगलाचा कायदा जागचा हलला नाहीं. साहेब गेला, साहेबाची ‘पडीक’ची व्याख्या राहिली. हें कबूल करण्यास आपल्या संसदेस २००६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकांत अरण्यवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची स्पष्ट कबुली आहे. त्या कायद्यान्वयें २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास सामुदायिक वनहक्क मिळाला, व २०११ सालीं तेथील ग्रामसभेच्या हातीं बांबूचे वाहतूक परवाने आले. ही लहानशी घटना आम्ही फशोदाच्या प्रकरणाहून मोठी मानतों. तेथें दोन परक्यांपैकीं कोणाचें निशाण राहावें हें ठरलें. येथें घर घरधन्यास परत मिळूं लागलें.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, कीं जंगल गांवच्या स्वाधीन केलें तर तें उरणार नाहीं. हा आक्षेप घेणाऱ्यांस आम्ही विचारतों: खात्याच्या ताब्यांत असतांना देशांतील जंगल वाढलें काय? आणि ज्यांनीं शतकानुशतकें राखलें त्यांच्याजवळच तें राहिलें, हा नुसता योगायोग काय? गांवें चुका करणार नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पण आपल्या घराचें छप्पर सांभाळण्याची कळकळ भाडेकऱ्यापेक्षां धन्यास अधिक असते, हा व्यवहार आहे. दुसरा आक्षेप असा, कीं सुरजागडच्या डोंगरांत लोखंड आहे, राष्ट्रास तें हवें आहे, मूठभर लोकांच्या हट्टासाठीं देशाची प्रगति अडवावी काय? लोखंड हवें आहे, हें आम्हांस मान्य. कारखाने हवेत, रोजगार हवा, हेंही मान्य. परंतु संमतीवांचून घेतलेलें खनिज व लोबेंगुलाकडून घेतलेलें खनिज यांत फरक दाखवावयाचा असेल तर तो संमतीच्या खरेपणांत दाखविला पाहिजे, घेणाऱ्याच्या कातडीच्या रंगांत नव्हे. ओडिशांतील नियमगिरीच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं ग्रामसभांचें मत घेण्यास सांगितलें, आणि बाराही ग्रामसभांनीं खाणीस नकार दिला. त्यामुळें राष्ट्र बुडालें नाहीं. विचारून मिळालेला नकारसुद्धां न विचारतां घेतलेल्या होकारापेक्षां राज्यास अधिक शोभा देतो.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. ज्या कागदावर गांवची संमति घ्यावयाची तो माडिया-गोंडी बोलींत, सर्व स्त्रीपुरुषांच्या सभेंत, मोठ्यानें वाचून व समजावून दिला जावा. तोंडीं दिलेलें प्रत्येक वचन त्याच कागदावर उतरावें, आणि त्याची प्रत गांवच्या हातीं राहावी. वनहक्काचा दावा नाकारला तर कारणें लेखी द्यावीं, व दाद मागण्याची वाट त्याच वेळीं सांगावी. सभा पोलिसांच्या छायेंत नको, तशी बंदूकवाल्या कोणाच्याही छायेंत नको. आणि चौथें मागणें सरकारकडे नसून आमच्या व्यवसायबंधूंकडे आहे: नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली येथील वकिलांनीं वर्षांतले कांहीं दिवस काढून, फी न घेतां, या गांवांचे दावे लिहावे व चालवावे. कायद्याच्या विद्येनें जें घेतलें तें कायद्याच्या विद्येनेंच परत द्यावें, यांत उपकार नाहीं. ही फेड आहे.

बर्लिनचा तो मेज ज्या राष्ट्रांनीं मांडला त्यांपैकीं कित्येकांचीं साम्राज्यें लयास गेलीं. परंतु मेज मांडणें बंद झालेलें नाहीं. तो लहान झाला, जवळ आला, व कधींकधीं आपल्याच कचेरींत मांडला जातो. त्याच्याभोंवतीं एखादी खुर्ची रिकामी दिसली तर ती कोणाची, हें विचारण्याचें काम आमच्या वाचकांचें आहे. वैनगंगेपलीकडील शिळा ज्यानें उभ्या केल्या त्याला ती खुर्ची मिळेल त्या दिवशीं चांद्याच्या जंगलाविषयींचीं दोन उत्तरें एक होतील. तोंवर आम्ही हा प्रश्न विचारीत राहूं.